मोबाईलच्या काचेचा मांजा

ती घटना आजही आठवली की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण नागपूरच्या आभाळात पतंग दिसू लागले की मी घरातल्या प्रत्येकाला बजावतो, गळ्याला रुमाल बांधल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही. घरातले हसतात. हसू देत. मी जे पाहिलं ते त्यांनी पाहिलेलं नाही, आणि पाहू नये हीच इच्छा.

त्या वेळी मी दक्षिण नागपुरातल्या एका पोलीस स्टेशनला ठाणेदार होतो. डिसेंबरचे शेवटचे दिवस. सकाळची हजेरी, रात्रीच्या गस्तीचा आढावा, नववर्षाचा बंदोबस्त, एवढंच चाललेलं. दुपारी मनीषनगरकडून फोन आला की उड्डाणपुलावर दुचाकीवाल्याचा गळा मांज्यानं कापला. माझ्या आधी डी.बी. पथकाचे हवालदार पोहोचले होते. डी.बी. म्हणजे ठाण्यातलं गुन्हे शोधणारं पथक. हवालदारांनी त्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात रवाना केलं होतं आणि रस्त्यावरचा मांजा जागचा हलू दिला नव्हता. पंचनामा करताना मी तो मांजा चिमटीत धरला. नायलॉनचा दोरा होता, बंदी असलेला. पण त्यावरचा लेप नेहमीचा नव्हता. नुसतं बोट टेकवलं तर कातडी सोलून निघाली.

जखमी माणूस सक्करदऱ्याचा, मूळचा मौद्याकडच्या शेतकरी घरातला. कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या लिलावाची बोली पुकारायचा. ढिगावर उभा राहून त्यानं हाक दिली की बाजाराच्या फाटकापर्यंत ऐकू जायची म्हणे. आवाजावरच त्याचं पोट होतं, आणि जखम नेमकी आवाजाच्या नळीपर्यंत गेली होती. जीव वाचला. पण आवाज परत येईल का, यावर डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

त्याची बायको वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. जबाब घ्यायला गेलो तर रडारड नाही, शिव्याशाप नाहीत. माझ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "साहेब, ज्यानं केलं त्याले पकडा, ते तुमचं काम तुमी पाहा. पण हा मांजा आणखी कोणाकोणाजवळ असन, तो संक्रांतीच्या आंधी जमा करा. दुसऱ्या कोणाच्या गळ्याले नाही लागला पाहिजे."

मी तिला शब्द दिला. नोकरीत शब्द देऊ नये असं आमचे जुने वरिष्ठ सांगायचे, आणि ते बरोबरच होतं. पण त्या बाईसमोर उभं राहून 'तपास चालू आहे' असं म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

नायलॉन मांज्याच्या केसेस आम्ही दर हिवाळ्यात करायचो. दुकानदार ठरलेले, लपवायच्या जागाही ठरलेल्या. पण या मांज्याबद्दल कोणी बोलेना. दुकानदार मांज्याकडे बघत आणि 'हा आपला माल नव्हे साहेब' म्हणत. ते खरं बोलत होते. खोटं बोलणारा माणूस आधी हातातली वस्तू खाली ठेवतो. हे लोक तर तो तुकडा उजेडात धरून निरखत होते.

मग मी मांज्याचा तुकडा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला आणि मागोमाग स्वतः गेलो. कागदानं पाठपुरावा केला असता तर पुढची संक्रांत आली असती. तिथल्या मॅडमनी दोनच दिवसांत तोंडी निष्कर्ष दिला. लेपातली काच बाटलीची नाही, ट्यूबलाईटचीही नाही. ती मोबाईलच्या स्क्रीनची आहे.

मला नीट कळेना, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. मोबाईलवर बसवायची काच वितळलेल्या क्षारात बुडवून ठेवतात. काचेतले सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. तीन माणसांच्या बाकावर तीन जाडजूड माणसं बसली की कशी दाटी होते, तशी काचेच्या वरच्या थरात दाटी होते. त्या दाबामुळे तिच्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही आणि ती लवकर फुटत नाही. मांज्यावरच्या भुकटीत हेच पोटॅशियम सापडलं होतं.

"म्हणजे हा मांजा जास्त धारदार झाला का?" मी विचारलं.

मॅडम हसल्या. म्हणाल्या, ती सारी ताकद वरच्या थराच्या दाबात असते. काच फोडली, कुटली की दाब संपला. मग ती चार काचांसारखी काच. गळा कापला तो नायलॉनच्या न तुटणाऱ्या दोऱ्यानं आणि गाडीच्या वेगानं. भुकटीनं हातभार लावला, पण तो बाटलीच्या काचेनंही लावला असता.

मी परतलो ते एकच विचार डोक्यात घेऊन. एवढी मोबाईलची काच कोणी आणली कुठून?

सीताबर्डीवर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांची रांग आहे. तिथे चहा पोचवणारा एक माणूस आमचा खबऱ्या होता. खबऱ्याला कधी काय शोधायचं ते सांगू नये, नाहीतर तो तेच शोधून आणतो, असलं तरी आणि नसलं तरी. मी फक्त विचारलं, या रांगेत कचऱ्याचं काय होतं? दुसऱ्याच दिवशी तो ठाण्यात हजर. म्हणाला, साहेब, फुटक्या मोबाईलचं बाकी सगळं भंगारवाला नेतो, पण वरची काच कोणी फुकटही घेत नाही. यंदा मात्र एक जण पोतं घेऊन येतो आणि नुसती काचच नेतो. रांगोळीत घालतो म्हणते.

वर्णन ऐकल्यावर हवालदारांनी कपाळावर हात मारला. "हा तर उस्ताद हाय साहेब."

पतंगाच्या दुनियेत उस्ताद ही पदवी कोणी देत नाही, ती आपोआप चिकटते. हा माणूस जुन्या वस्तीत राहणारा, पन्नाशी ओलांडलेला, मिशा रंगवलेला. पूर्वी सुती दोऱ्याला भाताची खळ, डिंक आणि काचेची भुकटी लावून स्वतः मांजा घोटायचा. पेच लढवणारे त्याच्या दाराशी रांग लावायचे. नायलॉन आला आणि त्याची रांग मोडली. त्यानंतर तो कुठल्याच केसमध्ये कधी आला नव्हता.

चौकशीला बोलावलं तर इस्त्रीचा सदरा घालून आला. खुर्चीत ऐटीत बसला आणि मोबाईल टेबलावर ठेवला. काच नेतो हे कबूल केलं, काही लपवलं नाही. म्हणे संक्रांतीला बायका अंगणात रांगोळी काढते, तिच्यात ही भुकटी टाकली की मस्त चमकते. उत्तर इतकं तयार होतं की मला राग आला. साधा माणूस पोलीस ठाण्यात विचार करून उत्तर देतो; घोकून आलेला लगेच देतो.

तेवढ्यात त्याच्या मोबाईलवर कोणाचा तरी फोन आला, पडदा उजळला आणि मला त्यावरच्या रेघा दिसल्या. बारीक बारीक, पुष्कळ, आणि सगळ्या एकाच दिशेनं. मधल्या पट्ट्यात आडव्या, एकमेकींना लागून.

"या रेघा कशाच्या गा?" मी विचारलं.

"खिशात किल्ल्या राहते साहेब. त्याच्यानंच पडल्या असन."

मी माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्याच मोबाईलवर खसाखसा घासला. मोबाईल मुलानं नुकताच घेऊन दिला होता. हवालदारांचा जीव वरखाली झाला. काचेवर एक करडी रेघ उठली. मी बोटानं पुसली, ती निघून गेली. तो ओरखडा नव्हताच, किल्लीचाच धातू काचेला लागला होता. मग नाणं घासलं. तेच. मोबाईल विकणारे गिऱ्हाइकापुढे हाच खेळ करतात आणि गिऱ्हाईक थक्क होतं. लोखंड, पितळ हे काचेपेक्षा मऊ असतात, ते तिला काय ओरबाडणार? काचेला ओरबाडते रेती, नाहीतर काचच. हे मी मॅडमकडून आठवड्यापूर्वीच शिकून आलो होतो आणि आता अशा थाटात सांगत होतो जसं काही जन्मापासून मला ठाऊक होतं.

"आता रेतीचं म्हणशील," मी म्हणालो, "तर खिशातली रेती वेड्यावाकड्या रेघा मारते. तुझ्या रेघा सरळ हायेत. कोणीतरी या काचेवरून दोरा ओढला. एकदा नाही, पुष्कळदा."

मी ठाणे अंमलदाराला सांगून चहा मागवला. आरोपीला दमात घेणारे अधिकारी मी खूप पाहिले. माझा अनुभव असा की मारापेक्षा माणसाचा अभिमान लवकर बोलतो, फक्त त्याला जागा करून द्यावी लागते. चहा पिता पिता मी हवालदारांना म्हणालो, जाऊ द्या, असा मांजा घोटणं काही यांच्यानं व्हायचं नाही, कोणी नवीन पोरगा असेल, उस्तादांचे दिवस संपले आता.

बस्स. कप खाली ठेवून तो ताठ झाला. "काहून नाही होणार? मीच घोटला तो," तो म्हणाला. "मोबाईलची काच हाय साहेब. जिच्यावर काही केल्या ओरखडा पडत नाही, तिचा मांजा कोण काटन?"

मग सगळं बाहेर आलं. गिऱ्हाईक आलं की तो स्वतःचा मोबाईल काढायचा. आधी किल्ली घासायचा, काही होत नसे. मग मांजा ताणून घासायचा आणि काचेवर रेघ उमटायची. गिऱ्हाइकाचे डोळे विस्फारायचे. काचेला काच ओरबाडते एवढीच त्यातली करामत, पण त्याचा स्वतःचाही तिच्यावर पुरता विश्वास होता. मोबाईल कंपन्या ज्या गुणाची जाहिरात करतात तोच गुण कुटून, चाळून दोऱ्याला लावता येतो, असं त्याला मनापासून वाटत होतं. चाळीस वर्षं काच हाताळणाऱ्या माणसाची ही चूक, आणि ती दुसऱ्या कोणी केली नसती, कारण दुसऱ्याला एवढा विचारच सुचला नसता.

पण गिऱ्हाइकांची नावं विचारली तशी त्याच्या तोंडाला कुलूप लागलं. उस्तादानं कोणाला मांजा दिला हे सांगायचं नसतं, ही त्यांच्यातली रीत. संक्रांतीच्या आधी समोरच्या गच्चीला कळलं की या गच्चीवर कोणाचा मांजा आहे, तर पेच लढवण्यात मजा काय? मी त्याला त्या लिलाववाल्याचं सांगितलं, गळ्याला किती टाके पडले ते सांगितलं. त्यानं मान खाली घातली, पण म्हणाला, "मले काय माहीत होतं साहेब असं होते म्हणून? मी त पतंगासाठी घोटला." अटक केली, न्यायालयातून पोलीस कोठडी घेतली, तरी तेच. मले काय माहीत होतं. आणि संक्रांत तर तोंडावर आली होती. माझा शब्द मला रोज सकाळी हजेरीच्या वेळी आठवायचा.

घरझडतीला आम्ही त्याला सोबत नेलं. मागच्या खोलीत सगळं सापडलं. खळ शिजवायचं पातेलं, खलबत्ता, चाळण्या, लेपाचे वाळलेले गोळे, नायलॉनची रिळं. पंच सह्या करत होते आणि मी मोकळी हवा घ्यायला अंगणात आलो. तिथे एक स्कूटी उभी होती. तिच्या दोन्ही आरशांच्या मधून जाड तारेची उंच कमान बसवलेली. हल्ली आपल्या नागपुरात संक्रांतीच्या सुमारास पुष्कळ गाड्यांना अशी कमान दिसते. मांजा आडवा आला तर तारेवर अडतो, गळ्यापर्यंत येत नाही. ही कमान बाजारातली नव्हती, घरी वाकवलेली होती. टोकांना नीट रबर लावलेलं, हाताला टोचू नये म्हणून. हँडलला गळ्याचा जाड चामडी पट्टाही अडकवलेला.

"गाडी कोणाची?" मी विचारलं.

दारात त्याची मुलगी उभी होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "माही," ती म्हणाली.

"कमान कोणी बसवली?"

"बाबांनी. दिवाळी झाल्यावर लगेच."

दिवाळी झाल्यावर. म्हणजे ज्या दिवसांत तो पोतं घेऊन सीताबर्डीवर फिरत होता, त्याच दिवसांत.

मी त्याला अंगणात आणवलं आणि कमानीपुढे उभं केलं. खरं सांगतो, त्या क्षणी माझा हात उठला असता. इतका संताप मला दरोडेखोराचाही कधी आला नव्हता. मी एवढंच विचारलं, "तुले माहीत नव्हतं?"

बोलली ती मुलगी. तिला घरात काय चालतं याची कल्पना होती, पण कोणाला लागल्याचं तिला त्या दिवशीच कळत होतं. तिनं हवालदारांना विचारलं, कुठं लागलं, किती खोल, कोणत्या वॉर्डात आहे. नर्सिंग शिकणाऱ्या तिला उत्तरांचा अर्थ आमच्यापेक्षा जास्त कळला असावा. मग ती बापाजवळ गेली. आवाज चढवला नाही.

"बाबा, त्या मानसाच्या गाडीले कमान नव्हती," ती म्हणाली. "नावं सांगून द्या. नाहीतर मी ही कमान आताच काढतो आन अशीच गाडी चालवतो संक्रांतीपर्यंत."

आणि ती खरंच आत जाऊन पाना घेऊन आली. एका बाजूचा नट ढिला करायला लागली. उस्ताद मटकन खाली बसला. "थांब वं माय," म्हणाला, आणि तिथेच, अंगणात बसून त्यानं एकेक नाव सांगितलं. हवालदार लिहीत गेले.

पुढचे दिवस आम्ही गच्च्या पालथ्या घातल्या. तांदळाच्या कोठीतून, पाण्याच्या टाकीमागून, एका ठिकाणी तर देवघराच्या खालून मांज्याच्या चक्र्या निघाल्या. कर्ती माणसं 'आमच्याकडे नाही' म्हणत, आणि त्यांच्या बायका आतून चक्री आणून मुकाट्यानं आमच्या हातात ठेवत. मांज्याच्या बाबतीत घराघरात दोन पक्ष असतात हे मला तेव्हा कळलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटची चक्री मुद्देमालात जमा झाली.

ती शेवटची चक्री मनीषनगरच्या एका बँकेतल्या माणसाकडे होती, आणि ती अर्धी रिकामी होती. कबूल करायला त्यानं फार ताणलं नाही. त्या दुपारी तोच गच्चीवर होता. समोरून कोणाच्या तरी साध्या सुती सद्दीनं, म्हणजे काच न लावलेल्या दोऱ्यानं, त्याचा पतंग कापला, पतंग वाहत गेला आणि मागचा लांबच लांब दोरा पुलावर पडला. रस्त्यावर गळे कापतो तो मांजा बहुतेक वेळा हरलेल्या पतंगाचाच असतो. जिंकलेला तर वर आभाळात असतो.

हे मी कोठडीत जाऊन उस्तादाला सांगितलं. त्यानं मान वर केली. "सद्दीनं काटला?" त्यानं विचारलं. "साध्या सद्दीनं?" त्या माणसाच्या गळ्याबद्दल ऐकताना त्याचा चेहरा जेवढा पडला नव्हता, तेवढा आता पडला. मी चिडून बाहेर निघून आलो. माणूस असाही असतो. मुलीसाठी तारेच्या टोकांना रबर लावणारा आणि पतंगासाठी हळहळणारा तो एकच होता, आणि मला त्याचे दोन तुकडे करून त्यातला एक वाईट ठरवता आला नाही. खटला चालला, उस्ताद आणि तो बँकेतला माणूस, दोघांनाही शिक्षा झाली. मोबाईलवरच्या रेघांचा अहवाल न्यायालयात कामी आला.

या प्रकरणानं मला एक धडा दिला, तो मी नंतर प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितला. आरोपीचं सगळ्यात आवडतं वाक्य असतं, 'मला माहीत नव्हतं.' त्यावर वाद घालत बसू नका. त्यानं आपल्या घरच्यांना कशापासून जपलं ते बघा. ज्याला त्यानं आपल्या दारात येऊ दिलं नाही, त्याची त्याला पुरती माहिती होती.

संक्रांत पार पडली. त्या मांज्यानं दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो, तर त्याच्या एकदोन दिवस आधी तो लिलाववाला बायकोबरोबर ठाण्यात आला. गळ्याला पट्टी होती. आता पुकारणं बंद, वजनकाट्यावर बसायचं काम मिळालं आहे, असं बायकोनं सांगितलं. मग तिनं डबा उघडला. त्यानं त्यातला तिळाचा लाडू घेऊन माझ्या हातावर ठेवला.

अशा वेळी काय म्हणायचं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच्या वतीनं ते म्हणायला बायकोनं तोंड उघडलं, तर त्यानं हातानं तिला थांबवलं. ओठ हलले. पहिल्यांदा नुसती हवा आली. त्यानं थांबून, गिळून, पुन्हा जोर लावला. ठाण्यातला वायरलेस खरखरत होता, तो कोणीतरी बंद केला.

"गोड बोला," तो म्हणाला.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या मला ते जेमतेम ऐकू आलं.